बेपत्ता वैमानिक

रोज सकाळी वर्गात हजेरी होते. बाई किंवा सर एकेक नाव पुकारतात. नाव ऐकताच मुले 'हजर' म्हणतात. जो आला नसेल त्याच्या नावापुढे 'गैरहजर' अशी खूण होते. हे दोन्ही शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत, कारण ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. आज आपण असाच आणखी एक शब्द शिकणार आहोत. तो शब्द म्हणजे 'बेपत्ता'. उर्दूत आपण 'लापता' म्हणतो, मराठीत 'बेपत्ता' म्हणतात. ज्याचा ठावठिकाणा कोणालाही ठाऊक नाही, तो बेपत्ता.

शब्द अगदी छोटा आहे. पण एका मुलीच्या नावापुढे तो एकदा लिहिला गेला आणि पुढची पंचेचाळीस वर्षे तसाच राहिला. ही मुलगी लढाऊ विमान चालवीत असे. उर्दूत ज्याला 'हवाबाज' म्हणतात, त्याला मराठीत 'वैमानिक' म्हणतात. ती अशी वैमानिक होती. आपल्या देशासाठी लढता लढता ती एके दिवशी आकाशातून नाहीशी झाली. तिचे शव सापडले नाही, म्हणून तिच्या हक्काचा मान तिला मिळाला नाही. शेवटी तो मान मिळवून देण्यात कोणाचा हात होता, ठाऊक आहे? तुमच्याच वयाच्या शाळकरी मुलांचा आणि त्यांच्या बाईंचा! चला तर, त्या मुलीची हकीकत ऐकू या.

तिचे पूर्ण नाव लिदिया व्लादिमिरोव्हना लित्व्याक. नाव जरा लांबलचक वाटते ना? पण नीट पाहा. तुमच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये तुमचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असते. रशियन लोकांची रीतही तशीच आहे. व्लादिमिर हे तिच्या वडिलांचे नाव. त्यावरून झाले व्लादिमिरोव्हना. घरची माणसे आणि मैत्रिणी मात्र तिला लाडाने 'लिल्या' म्हणत. लिल्या म्हणजे लिलीचे फूल. आपणही तिला लिल्याच म्हणू. वडिलांचे हे मधले नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लिल्याचा जन्म १८ ऑगस्ट १९२१ रोजी मॉस्को शहरात झाला. त्या काळी रशिया आणि शेजारचे अनेक प्रदेश मिळून सोव्हिएत संघ नावाचे एक मोठे राष्ट्र तयार होत होते. लिल्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते. घर साधेच होते. लिल्याला एक धाकटा भाऊही होता.

त्या दिवसांत सोव्हिएत संघात विमानांचे मोठे वेड होते. शहराशहरांतून तरुणांसाठी विमान शिकवणारी मंडळे निघाली होती. तेथे मुलांबरोबर मुलींनाही प्रवेश मिळे. लिल्या चौदा वर्षांची असताना अशा एका मंडळात दाखल झाली. चौदा वर्षे म्हणजे आपल्याकडची आठवी-नववीची मुलगी! पंधराव्या वर्षी तिने शिक्षक सोबत नसताना एकटीने विमान उडवले. अंगाने ती लहानखुरी होती, पण मनाने फार धीट होती.

पण १९३७ साली या घरावर संकट कोसळले. तेव्हा सोव्हिएत संघाची सत्ता स्टालिन याच्या हाती होती. त्याला जिकडेतिकडे शत्रू दिसू लागले होते. त्याच्या हुकमाने लाखो माणसांना पकडण्यात आले. त्यांतली कितीतरी माणसे अगदी निरपराध होती. खरीखुरी चौकशी नाही, बाजू मांडायची संधी नाही. लिल्याच्या वडिलांवरही 'जनतेचा शत्रू' असा शिक्का बसला. त्यांना अटक झाली आणि नंतर ठार मारण्यात आले. लिल्या तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती.

मुलांनो, विचार करा. ज्या नावाचा अभिमान वाटायचा, तेच वडिलांचे नाव आता ओझे झाले. कोणत्याही कागदावर पूर्ण नाव लिहिले की मधले नाव आलेच. लोक संशयाने पाहणार, कुजबुजणार. पण लिल्या खचली नाही. तिने विमानाचे शिक्षण सोडले नाही. खेर्सोन येथील विमान विद्यालयात तिने पुढचे शिक्षण घेतले आणि ती स्वतःच शिक्षिका झाली. युद्ध सुरू होईपर्यंत तिने ४५ जणांना विमान चालवायला शिकवले होते. वय किती? एकोणीस!

२२ जून १९४१ रोजी जर्मनीच्या हिटलरने सोव्हिएत संघावर अचानक हल्ला केला. जर्मन रणगाडे भराभर पुढे सरकू लागले. पहिल्याच दिवशी सोव्हिएत हवाईदलाची शेकडो विमाने जमिनीवर उभी असतानाच नष्ट झाली. गावे जळू लागली. लिल्याने सैन्यात भरती होण्यासाठी अर्ज केला. तिला नकार मिळाला. विमान उडवण्याचा तुझा अनुभव कमी आहे, असे तिला सांगण्यात आले.

त्याच सुमारास मरीना रास्कोव्हा नावाच्या एका प्रसिद्ध बाई पुढे आल्या. रास्कोव्हा यांनी १९३८ साली दोन मैत्रिणींबरोबर मॉस्कोपासून थेट देशाच्या पूर्व टोकाच्या बाजूपर्यंत न थांबता विमानप्रवास केला होता. त्या प्रवासाच्या शेवटी विमानातून पॅराशूटने उडी मारावी लागल्यामुळे त्या दहा दिवस घनदाट जंगलात एकट्या भटकत राहिल्या होत्या. साऱ्या देशाला त्यांचे नाव ठाऊक होते. विमान चालवणाऱ्या शेकडो मुलींची पत्रे रास्कोव्हा यांच्याकडे येऊ लागली. आम्हालाही लढायचे आहे, अशी सर्वांची मागणी होती. रास्कोव्हा यांनी ती मागणी सरकारपुढे मांडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये परवानगी मिळाली आणि स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या राहिल्या. एक लढाऊ विमानांची, एक दिवसा बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची आणि एक रात्री बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची.

लिल्याने पुन्हा अर्ज केला. या वेळी तिने काय केले असेल? आपल्या नोंदीत विमान उडवल्याचे शंभर तास जास्तीचे लिहिले आणि ती भरती झाली. विद्यार्थी मित्रांनो, नोंदवहीत खोटे लिहिणे मी कधीच बरोबर म्हणणार नाही. तुम्हीही तसे करू नका! पण ही मुलगी कशासाठी धडपडत होती तेही पाहा. कामातून सुटका व्हावी म्हणून लोक खोटे बोलतात. हिने मात्र जिवावरचे काम मिळावे म्हणून खोटे लिहिले.

व्होल्गा नदीच्या काठी एंगेल्स नावाचे गाव आहे. तेथे या मुलींचे शिक्षण सुरू झाले. प्रथम सर्वांचे केस कापले गेले. पुरुषांसाठी शिवलेले ढगळ गणवेश त्यांना मिळाले. बूट इतके मोठे, की आत कागद आणि चिंध्या कोंबाव्या लागत. थंडी हाडे गोठवणारी. एरवी कित्येक वर्षांत होणारा अभ्यास काही महिन्यांत पुरा करायचा होता. दिवस-रात्र शिकवणी चाले.

तेथला एक प्रसंग फार सांगितला जातो. सैन्याने दिलेल्या बुटांना आतून लोकरीच्या कातड्याचे अस्तर होते. लिल्याला नीटनेटके राहायची हौस होती. तिने रात्री गुपचूप ते अस्तर कापले आणि आपल्या कोटाला त्याची सुंदर कॉलर शिवली. दुसऱ्या दिवशी मुली रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा रास्कोव्हा यांची नजर नेमकी त्या कॉलरवर गेली. मग काय! लिल्याला शिक्षा झाली. रात्रभर बसून तिला कॉलर उसवावी लागली आणि अस्तर पुन्हा बुटांत शिवावे लागले. बघा, पुढे एवढे मोठे नाव कमावणारी ही मुलगी तुमच्यासारखीच हौशी आणि थोडी खोडकरही होती.

शिक्षण संपल्यावर लिल्याला याक-१ हे लढाऊ विमान मिळाले. या विमानात एकच माणूस बसतो. विमान चालवणारा तोच, वाट शोधणारा तोच आणि तोफ डागणाराही तोच. पंख लाकडाचे. पुढच्या बाजूला एक छोटी तोफ आणि दोन मशीनगन. अशा विमानातून लढताना मदतीला शेजारी कोणी नसते. म्हणून लढाऊ विमाने जोडीने उडतात. पुढचा वैमानिक हल्ला करतो आणि मागचा त्याची पाठ राखतो. शत्रू कोठून येईल याचा नेम नसतो. तो बहुधा सूर्याच्या बाजूने येतो, म्हणजे आपले डोळे दिपतात आणि तो दिसत नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल लागतो.

सुरुवातीला या रेजिमेंटला सारातोव्ह शहराच्या रक्षणाचे काम मिळाले. सप्टेंबर १९४२ मध्ये लिल्याला आणि तिच्या काही मैत्रिणींना स्टालिनग्राडच्या आघाडीवर पाठवण्यात आले. तिथे त्यांना पुरुषांच्या रेजिमेंटमध्ये लढायचे होते. स्टालिनग्राड म्हणजे आजचे व्होल्गोग्राड. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही हे नाव वाचले असेल. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत तेथे घनघोर लढाई झाली. घराघरासाठी, जिन्याजिन्यासाठी माणसे लढली. वर आकाशातही तशीच लढाई चालू होती.

या मुलींना पाहून पुरुष वैमानिक आणि अधिकारी बुचकळ्यात पडले. या कोवळ्या मुली काय लढणार, असे त्यांना वाटले. त्यांच्याबरोबर जोडीने उडायला काहीजण नाखूश होते. यावर लिल्याने वाद घातला नाही. तिने उत्तर दिले ते आकाशात. त्याच सप्टेंबर महिन्यात तिने शत्रूचे विमान पाडले. हवाई झुंजीत शत्रूचे विमान पाडणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिची गणना होते. १९४३ च्या जानेवारीत ती दुसऱ्या एका रेजिमेंटमध्ये गेली. तिथल्या सेनाधिकाऱ्यालाही प्रथम या मुली नको होत्या. पण काही दिवसांतच त्याचे मत बदलले. फेब्रुवारीत लिल्याला 'रेड स्टार' हे सन्मानपदक मिळाले आणि तिला अधिकारपदावर बढती मिळाली. आता तिची निवड 'मुक्त शिकारी' वैमानिकांत झाली. ठरलेल्या कामाची वाट न पाहता, स्वतः शत्रूला शोधून त्याच्यावर तुटून पडायचे, हे या वैमानिकांचे काम. फार थोड्या, निवडक लोकांनाच ते मिळे.

आकाशातल्या वैमानिकाचे नाव होते, पण जमिनीवरच्या माणसांचे काय? लिल्याच्या विमानाची देखभाल इन्ना पास्पोर्तनिकोव्हा नावाची तरुण मेकॅनिक करीत असे. कडाक्याच्या थंडीत उघड्या मैदानावर उभे राहून इंजिन दुरुस्त करायचे. थंडगार लोखंडाला उघडे हात लावले तर कातडी चिकटून निघे. विमान आकाशात गेले, की इन्ना डोळे लावून वाट पाहत बसे. लिल्या रानफुले गोळा करून ती आपल्या विमानात लावून ठेवी, हे इन्नाने पाहिले होते. आणि लिल्याच्या मनातली एक भीतीही फक्त तिला ठाऊक होती.

कोणती भीती? मरणाची? नाही. लिल्याला मरणाची भीती नव्हती. तिला भीती होती बेपत्ता होण्याची. त्याचे कारण असे. त्या वेळी सोव्हिएत सरकारचा असा कडक हुकूम होता, की जो शत्रूच्या हाती जिवंत लागेल त्याला देशद्रोही समजावे. त्याच्या घरच्यांनाही त्याचा त्रास होई. एखादा वैमानिक परत आला नाही आणि त्याचे शवही सापडले नाही, तर लोक म्हणणार, तो शत्रूला जाऊन मिळाला असेल. लिल्याच्या वडिलांवर आधीच शिक्का बसलेला होता. आता मुलगीही नाहीशी झाली, तर लोक काय म्हणतील? आईने आणि भावाने कोणाला तोंड दाखवायचे? म्हणून ती इन्नाला सांगत असे, की काहीही होवो, पण मी बेपत्ता होऊ नये.

२२ मार्च १९४३ रोजी एका हवाई झुंजीत लिल्याच्या पायाला जखम झाली. रक्त वाहत होते, विमानाचीही चाळण झाली होती. तरीही तिने विमान परत आपल्या तळावर आणले. काही दिवस उपचार झाले, थोडे दिवस ती मॉस्कोला आईजवळ राहिली आणि पूर्ण बरी होण्याआधीच आघाडीवर परतली.

मे महिना फार वाईट गेला. अलेक्सेई सोलोमातिन हा तिचा जिवलग सहकारी होता. दोघे जोडीने उडत असत. २१ मे रोजी विमानतळावरच झालेल्या अपघातात तो मरण पावला. लिल्याला फार दुःख झाले. पण दहाच दिवसांनी तिने एक असे काम केले, की सर्वांनी तोंडात बोटे घातली.

झाले असे. शत्रूने आपल्या हद्दीत एक मोठा फुगा आकाशात सोडला होता. त्यात बसलेला माणूस दुर्बिणीतून सोव्हिएत सैन्याच्या जागा पाही आणि खालच्या तोफांना नेम सांगे. त्यामुळे सैन्याची फार हानी होत होती. फुग्याभोवती विमानविरोधी तोफांचा कडक पहारा होता. समोरून जाणाऱ्या विमानांना परतावे लागे. लिल्याने वेगळी युक्ती शोधली. ३१ मे रोजी ती फुग्याकडे सरळ गेलीच नाही. लांबचा वळसा घालून ती शत्रूच्या मुलखात शिरली आणि मागच्या बाजूने, सूर्याकडे पाठ करून फुग्यावर झेपावली. शत्रूच्या तोफांची तोंडे दुसरीकडे होती. मागून कोणी येईल असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. क्षणात फुगा पेटला. मुलांनो, धैर्याला बुद्धीची जोड मिळाली की असे होते.

जून महिन्यात लिल्या एका तुकडीची नायक झाली. ज्या मुलीला अनुभव नाही म्हणून परत पाठवले होते, तिच्या हुकमाखाली आता पुरुष वैमानिक उडू लागले. जुलैत ती पुन्हा जखमी झाली, पण तिने दवाखान्यात राहायला नकार दिला. त्याच महिन्यात कात्या बुदानोव्हा ही तिची मैत्रीण लढाईत मारली गेली. स्टालिनग्राडला लिल्याबरोबर गेलेल्या मुलींपैकी ही एक. तीही मोठी नामांकित वैमानिक होती.

मग उजाडला १ ऑगस्ट १९४३ चा दिवस. मिउस नदीच्या भागात मोठी लढाई जुंपली होती. हा प्रदेश आजच्या युक्रेनच्या पूर्व भागात येतो. त्या दिवशी लिल्याने तीन वेळा उड्डाण केले आणि तिन्ही वेळा ती सुखरूप परत आली. चौथ्यांदा ती पुन्हा आकाशात गेली. ढगांमध्ये शत्रूच्या विमानांनी तिला गाठले. तिच्या एका साथीदाराने तिचे विमान शेवटचे पाहिले. त्यातून धूर निघत होता आणि शत्रूची बरीच विमाने तिच्या पाठीमागे लागली होती. साथीदार ढगांखाली उतरला. त्याने सगळीकडे पाहिले. स्फोट दिसला नाही. पॅराशूट दिसले नाही. लिल्याचे विमानही दिसले नाही.

इन्ना विमानतळावर वाट पाहत राहिली. विमानातले पेट्रोल किती वेळ पुरते हे मेकॅनिकला अचूक ठाऊक असते. ती वेळ निघून गेली. लिल्या आली नाही. बाविसावा वाढदिवस अवघ्या सतरा दिवसांवर होता.

लिल्या पुरती वर्षभरही आघाडीवर नव्हती. तेवढ्यात तिने एकटीने अकरा-बारा विमाने पाडली असे बहुतेक पुस्तकांत सांगितले आहे. जुनी कागदपत्रे तपासणारे काही अभ्यासक हा आकडा कमी धरतात. पण हवाई झुंजीत शत्रूची विमाने पाडणाऱ्या स्त्रियांत तिचे आणि कात्याचे नाव सर्वांत वर आहे, याबद्दल वाद नाही. तिला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब द्यावा, अशी तिच्या अधिकाऱ्यांची इच्छा होती. देशातला तो सर्वांत मोठा मान. पण शव सापडले नव्हते. पुरावा नव्हता. म्हणून कागदावर तोच शब्द लिहिला गेला, ज्याची तिला भीती होती. बेपत्ता.

युद्ध १९४५ साली संपले. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मरण पावली. इतक्या मोठ्या संख्येत एका मुलीची आठवण कोण ठेवणार? पण आठवण ठेवणारी माणसे होती. इन्ना तिला विसरली नव्हती.

आणि आता आपल्या गोष्टीत शाळा येते. मिउस नदीच्या भागात क्रास्नी लूच नावाचे कोळशाच्या खाणींचे एक गाव आहे. तेथल्या शाळेत वालेंतिना वाश्चेंको नावाच्या बाई होत्या. आपल्या भागात लढून मेलेल्या, पण कोणालाच ठाऊक नसलेल्या सैनिकांचा शोध घ्यायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांनी शाळेतल्या मुलामुलींचे एक पथक तयार केले. सुट्टीच्या दिवशी ही मुले पाठीवर पिशव्या घेऊन निघत. खेड्यापाड्यांत जात. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारत, की युद्धात तुमच्या शेतात एखादे विमान पडले होते का? कोणी जागा दाखवी. मग मुले तेथे खणत. इंजिनाचा तुकडा, एखादा क्रमांक, एखादे गंजलेले पदक सापडे. त्यावरून वैमानिकाचे नाव शोधून ती त्याच्या घरी पत्र पाठवीत. इन्नाही या शोधात सामील झाली.

एका वर्षी पहिली तुकडी शाळा सोडून जाई आणि नवी मुले येत. पण शोध थांबला नाही. विमाने पडल्याच्या नव्वदहून अधिक जागा त्यांनी शोधल्या. कितीतरी बेपत्ता सैनिकांची नावे त्यांना सापडली. लिल्या मात्र सापडत नव्हती.

अखेर १९७९ साली त्यांना एक बातमी कळली. दहा वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, कोझेव्ह्न्या या वस्तीजवळ काही मुलांना एका वैमानिकाच्या अस्थी सापडल्या होत्या. अस्थी म्हणजे हाडे. ती एका लहानखुऱ्या स्त्रीची होती. गावकऱ्यांनी त्या दिमित्रिएव्हका गावच्या सामुदायिक कबरीत दफन केल्या होत्या. ही स्त्री कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पथकाने हिशेब मांडला. या आघाडीवर लढाऊ विमान चालवणाऱ्या स्त्रिया किती होत्या? अगदी थोड्या. त्यांतली कात्या कोठे पुरली आहे ते माहीत होते. मग उरली कोण? लिल्या! या ओळखीबद्दल सर्व अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. पण मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी जमवलेली माहिती सरकारला तपासावी लागली. १९८८ साली लिल्याच्या नावापुढचा 'बेपत्ता' हा शब्द खोडला गेला आणि 'कर्तव्य बजावताना मृत्यू' अशी नोंद झाली.

पुढे मे १९९० मध्ये सोव्हिएत संघाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी लिल्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब जाहीर केला. ती नाहीशी झाल्याला तोवर सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ हे राष्ट्रच उरले नाही. कात्या बुदानोव्हालाही १९९३ मध्ये रशियाने असाच मान दिला. क्रास्नी लूच येथे लिल्याचे स्मारक उभारले गेले आहे. तिने पाडलेल्या विमानांची खूण म्हणून त्यावर बारा तारे आहेत. दुःखाची गोष्ट ही, की २०१४ सालापासून याच भागात पुन्हा लढाई पेटली आणि पुन्हा कित्येक आयांची मुले बेपत्ता झाली.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, ही गोष्ट मी तुम्हाला का सांगितली? युद्ध चांगले असते म्हणून नव्हे. युद्धाने लिल्याचे, अलेक्सेईचे, कात्याचे काय केले ते तुम्ही पाहिलेच. मी ही गोष्ट सांगितली ती दोन कारणांसाठी. पहिले असे, की वडिलांवर कोणी खोटा शिक्का मारला, लोकांनी नाके मुरडली, अधिकाऱ्यांनी नको म्हटले, तरी आपल्या कामाने उत्तर देता येते. लिल्याने तेच केले. दुसरे असे, की माणसाने आपले काम चोख केले तरी त्याचा मान आपोआप मिळतो असे नाही. मान देणे हे मागे राहिलेल्या लोकांचे काम असते. ते काम मोठ्या माणसांनी केले नाही, तर लहान मुलांनी करावे. क्रास्नी लूचच्या मुलांजवळ ना पैसा होता, ना अधिकार होता. त्यांच्याजवळ होते कुदळ, फावडे, वही आणि न थकणारी जिद्द.

उद्या वर्गात हजेरी होईल तेव्हा तुम्ही 'हजर' म्हणाल. त्या वेळी क्षणभर लिल्याची आठवण करा. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा उत्तर द्यायला ती नव्हती. तिच्या वतीने 'हजर' म्हटले ते एका शाळेतल्या मुलांनी.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिल्याचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) स्त्रियांच्या हवाई रेजिमेंट कोणाच्या प्रयत्नाने उभ्या राहिल्या?
(इ) लिल्याच्या विमानाची देखभाल कोण करीत असे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिल्याला बेपत्ता होण्याची भीती का वाटत होती?
(आ) शत्रूचा फुगा पाडण्यासाठी लिल्याने कोणती युक्ती केली?
(इ) पथकाने कोणता हिशेब मांडून लिल्याला ओळखले?

३. 'हजर', 'गैरहजर', 'बेपत्ता', 'जिद्द' यांसारखे उर्दूत व मराठीत सारखे किंवा जवळचे असणारे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

४. तुमच्या गावासाठी किंवा मोहल्ल्यासाठी काम केलेल्या, पण आज विसरल्या गेलेल्या एखाद्या व्यक्तीची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.